नगरचे दप्तर

दरवर्षी २८ मे रोजी नगर शहराचा स्थापनादिन पाळला जातो. शहरातील इतिहासप्रेमी मंडळी बागरौझ्यात अहमद निजामशहाच्या कबरीपाशी जमत आली आहेत. फुले वाहिली जातात, चार शब्द बोलले जातात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात शहराचे वय एका वर्षाने वाढते. वर्षांचा हिशेब १४९० पासून मांडतात. या हिशेबात एक छोटीशी गंमत दडलेली आहे आणि या लेखाची सुरुवात आम्हांला तिथूनच करावीशी वाटते. २८ मे १४९० हा दिवस लढाईचा आहे. त्या दिवशी मलिक अहमदने बहामनी सरदार जहांगीरखान याच्या फौजेवर पहाटे छापा घालून तिचा धुव्वा उडवला. ही लढाई पुढे ‘बागेची लढाई’ म्हणून ओळखली गेली, कारण त्या जागी विजयाची आठवण म्हणून बाग उभी राहिली. शहराची उभारणी त्यानंतर सुरू झाली. फार्सी तवारिखांच्या आधारे तिचे साल १४९४ असे धरले जाते. म्हणजे ज्याला आपण शहराचा जन्मदिवस म्हणतो तो शहर जिच्यामुळे शक्य झाले त्या लढाईचा दिवस आहे. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. उत्सवाला तारीख लागते, आणि तारीख लढाईचीच तेवढी नेमकी मिळते. पण उत्सवाची तारीख आणि इतिहासाची तारीख यांच्यातले हे चार वर्षांचे अंतर मोजत बसणारे कोणीतरी गावात असावे लागते. हे काम विद्यापीठे करत नाहीत. त्यांना तेवढी सवड नसते. ते गावातल्या गावात चालणाऱ्या, अपुऱ्या जागेत, अपुऱ्या पैशांत आणि बहुधा निवृत्त माणसांच्या बळावर टिकून राहिलेल्या स्थानिक इतिहाससंस्था करतात.

नगरमध्ये अशी संस्था आहे. सुरेश जोशी आणि सरदार मिरीकर यांच्या पुढाकाराने १९६० साली, म्हणजे ज्या वर्षी महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, येथे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय स्थापन झाले. मिरीकरांचे घराणे पाथर्डी तालुक्यातल्या मिरी गावचे. सरदारकीबरोबर त्यांनी शहराचा इतिहास लिहिण्याचे कष्टाचे कामही केले. संग्रहालयात जे जमले ते बहुतांशी जिल्ह्यातल्या जुन्या घराण्यांनी आणि नागरिकांनी आपल्या माळ्यावरून, देवघरातून, बासनातून काढून दिलेले आहे: पोथ्या, मोडी कागद, नकाशे, शस्त्रे, मूर्ती. सुमारे दोनशे फूट लांबीची म्हणून सांगितली जाणारी हस्तलिखित संस्कृत जन्मपत्रिका पाहायला लोक कुतूहलाने येतात. शहरात दुसरेही एक संग्रहालय आहे, लष्कराचे, रणगाड्यांचे. तेथे मुलांच्या सहली जातात, छायाचित्रे काढली जातात. पोथ्यांपेक्षा रणगाडा दिसायला मोठा असतो, हे मान्यच करायला हवे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या साऱ्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात आला असेल. आमचे म्हणणे असे की मराठी साहित्याचा जुना इतिहास शिकवताना आपण ज्या दहा-पंधरा नावांवरून पुढे सरकतो, त्यांतली निम्मी नावे या एका जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात; आणि तसे बोट ठेवल्यावर ती नावे थोडी वेगळी दिसू लागतात.

नेवासे घ्या. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ग्रंथाचे स्थळ आणि शक १२१२ हे साल सांगितलेले आहे; राजा रामचंद्र यादवाचाही उल्लेख आहे. ग्रंथातले वर्णन गोदावरीच्या दक्षिण तीराचे, तर नेवासे वसले आहे प्रवरेच्या काठी. प्रवरा पुढे जाऊन गोदेला मिळते. कवीने महानदीचे नाव घ्यावे आणि गावकऱ्याने आपल्या नदीचे, यात विसंगती नाही, पण फरक आहे. गावाबाहेरच्या मंदिरात तो प्रसिद्ध खांब उभा आहे, ‘पैस’. ज्ञानदेवांनी याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली अशी परंपरा. खांबावर एक शिलालेख कोरलेला आहे. त्यात करवीरेश्वराचे नाव येते, देवापुढच्या दिव्यातल्या तेलासाठी दिलेल्या दानाची हकीकत येते. ज्ञानदेवांचे नाव येत नाही, यायचे कारणही नाही. लेख कोरणाऱ्याला तेलाची काळजी होती. दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ या पुस्तकाला याच खांबाचे नाव मिळाले आहे. ते पुस्तक १९७० चे, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि आमच्या पिढीतल्या अनेकांनी नेवासे प्रथम पाहिले ते त्या पुस्तकातून. आता या एका दगडाला तीन वाचने आहेत. भाविक त्याला कवेत घेतो. दुर्गाबाई त्याच्याकडे पाहून विचार करत जातात. आणि स्थानिक संशोधक त्याच्यावरची अक्षरे वाचतो. तिसऱ्या वाचनाने पहिली दोन खोटी ठरत नाहीत. पण तिसरे वाचन कोणी केलेच नसते तर पहिल्या दोहोंना आपण नेमके कशाला टेकलो आहोत हे कळले नसते.

याच नेवाशात १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलियांनी उत्खनन केले. त्याचा अहवाल इंग्रजीत १९६० साली निघाला. त्याच्या नावातच इतिहासाकडून प्रागैतिहासाकडे जाण्याचा प्रवास सुचवलेला आहे. तसा तो होताही: वरच्या थरांत मध्ययुग, त्याखाली सातवाहनांचा काळ, त्याखाली ताम्रपाषाणयुग, आणि प्रवरेच्या दरडींत अश्मयुगीन हत्यारे. संगमनेरजवळचे जोर्वे आधीच पुढे आले होते. त्या लहानशा गावाचे नाव आज दख्खनच्या एका संपूर्ण संस्कृतीला मिळालेले आहे. ‘जोर्वे संस्कृती’ म्हटले की भारतभरचे पुरातत्त्वज्ञ ओळखतात, आणि संगमनेरहून एसटीने जाताना जोर्वे आले तर आपण खिडकीतून पाहतही नाही. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादची गोष्ट याहून मोठी. १९५८ मध्ये बा. पु. बोपर्डीकरांनी ती जागा शोधली. पुढे देशपांडे, राव आणि साळी यांनी तेथे उत्खनने केली. पण तेथली चार ब्राँझची शिल्पे, म्हणजे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, उत्खननात सापडली नाहीत. १९७४ मध्ये गावातल्या माणसाला झाडाच्या मुळाशी खणताना ती हाती लागली. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोच्या वर भरते. ती आता मुंबई-दिल्लीच्या मोठ्या संग्रहालयांत आहेत.

येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. नगरच्या इतिहासाचे विशेष म्हणजे त्यातले बहुतेक मौल्यवान ऐवज नगरबाहेर आहेत. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ नगरला ओतली गेली, १५४९ मध्ये, मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिराच्या हातून. ती विजापूरची शान झाली. हुसेन निजामशहाच्या स्तुतीपर ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे आफताबी नावाच्या कवीचे सचित्र फार्सी काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी ते १९८७ साली मूळ संहिता, भाषांतर आणि चिकित्सक प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. त्यातल्या बारा चित्रांची कहाणी तर कोणाही कादंबरीकाराला मोहात पाडील अशी आहे. राजाशेजारी बसलेली राणी खुंजा हुमायून अनेक चित्रांतून पुसून टाकलेली आहे. हुसेनशहा १५६५ मध्ये, तालिकोटच्या विजयानंतर काही महिन्यांतच, वारला. अल्पवयीन मुलगा मुर्तजाच्या नावाने राणीने काही वर्षे कारभार पाहिला. १५६९ मध्ये मुलानेच तिला कैदेत टाकले. चित्रांतून तिला कोणी पुसले हे समजायला मग फार कष्ट पडत नाहीत. रंगाचा एक थर, आणि त्याखाली अजून दिसणारी आकृती. राजकारणाने पुसलेले आणि तरी न पुसले गेलेले असे काही पाहायचे असेल तर साहित्याच्या विद्यार्थ्याने पुण्यात भरत नाट्य मंदिरावरून जाता-येता मंडळात एक फेरी टाकावी.

निजामशाहीविषयी मराठी वाचकाच्या मनात एक पोकळी आहे, ती भाषेमुळे. आपण यादवांपासून एकदम शिवकाळावर उडी घेतो. मधली दीडशे वर्षे, ज्या काळात एकनाथ लिहीत होते, भोसले घराणे वर येत होते, ती फार्सीत लिहिली गेली. फिरिश्ता लहानपणी वडिलांबरोबर नगरला आला, येथेच वाढला, आणि १५८९ च्या धामधुमीत विजापूरला गेला. त्याने लिहिलेला सुलतानांचा इतिहास आज सर्वत्र उद्धृत होतो. दुसऱ्या बुऱ्हान निजामशहाच्या पदरी असलेल्या सय्यद अली तबातबाने ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ लिहिला. वुल्झली हेगने १९२० ते १९२३ या काळात ‘इंडियन अँटिक्वरी’त त्याच्या मोठ्या भागाचे इंग्रजी भाषांतर दिले. या ग्रंथांना मराठीत आणण्याचे श्रेय भ. ग. कुंटे यांचे. कुंट्यांचे नाव मराठीच्या किती प्राध्यापकांना ठाऊक आहे, हे विचारायला आम्ही कचरतो. फिरिश्त्याने सांगितलेली एक हकीकत तर अशी आहे की ती शिकवली गेली असती तर बऱ्याच निरर्थक वादांना फाटा मिळाला असता: निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, लढाईत पकडला जाऊन मुसलमान झालेला. पुढे पाथरी ताब्यात घेण्यासाठी निजामशहांनी ज्या मोहिमा केल्या त्यांच्यामागे हाही धागा होता. याच दरबाराशी संस्कृतचाही संबंध येतो. ‘नृसिंहप्रसाद’ हा धर्मशास्त्रावरचा विस्तृत ग्रंथ लिहिणारा दलपती स्वतःला निजामशहाचा अधिकारी म्हणवतो. ‘रसमंजरी’कार भानुदत्ताच्या श्लोकांत निजामशहाची स्तुती सापडते, नायिकाभेद शिकवताना ही गोष्ट वर्गात सांगितली तर मुले निदान जागी होतील. हसन शौकीने तालिकोटच्या विजयावर रचलेले काव्य दखनीत आहे. एकाच दरबाराभोवती तीन भाषांत साहित्य आणि रस्त्यावर चौथी, मराठी: असे ते शहर होते.

स्थानिक संस्थेचे काम मात्र या उंच दरबारी गोष्टींपेक्षा फार खालच्या पातळीवर, म्हणजे जमिनीवर, चालते. नगरहून पाथर्डीकडे जाताना शहा डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. शहरातल्या कोणालाही विचारा, उत्तर एकच: चांदबिबीचा महाल. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना तिथे नेऊन चांदबिबीची शौर्यकथा सांगितली जाते. ती इमारत मुर्तजा निजामशहाचा मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढवला, १६०० मध्ये ती आपल्याच लोकांकडून मारली गेली. डोंगरावरच्या इमारतीशी तिचा संबंध नाही. स्थानिक अभ्यासक हे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. लेख लिहून झाले, पुस्तिका झाल्या, व्याख्याने झाली. नाव काही बदलत नाही. आम्ही स्वतः एकदा चार विद्यार्थ्यांसह तेथे गेलो असता तळमजल्यावरच्या थडग्याकडे बोट दाखवून विचारले, महाल असेल तर हे कोणाचे? बरोबरच्या रिक्षावाल्याने शांतपणे उत्तर दिले, ‘तो सलाबतखान. पण महाल चांदबिबीचाच.’ या उत्तराला आम्ही हसलो, पण परत येताना ते आम्हांला डाचत राहिले. लोकांना सलाबतखानाची हकीकत ठाऊक नसते असे नाही. त्यांना डोंगरावर चांदबिबी हवी असते. सलाबतखान चांगला कारभारी होता, त्याच्याच देखरेखीखाली १५८३ मध्ये फराहबागेचे काम पुरे झाले. पण चांगल्या कारभाऱ्याची दंतकथा होत नाही. शूर स्त्री, तीही आपल्याच माणसांकडून मारली गेलेली, हिला गावाने सर्वांत उंच जागा देऊन टाकली. इतिहासाच्या दृष्टीने ही चूक आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने मात्र या चुकीची नोंद चूक म्हणूनच आणि तरीही पुरावा म्हणून घ्यायला हवी. चुकीचे नाव खोडून टाकणारी पाटी आणि चुकीचे नाव जपणारी आठवण या दोन्ही गोष्टी एकाच संग्रहात ठेवता आल्या पाहिजेत.

हाच पेच भातवडीत अधिक गंभीर होतो. नगरपासून जवळच असलेल्या भातवडीच्या परिसरात १६२४ मध्ये मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीचा चिखल केला, रसद तोडली, आणि मग हल्ला केला. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी येथेच पडले. आता या लढाईचे सविस्तर काव्यमय वर्णन कोठे आहे? ‘शिवभारता’त. आणि ‘शिवभारता’चा कर्ता कवींद्र परमानंद कोठला? नेवाशाचा. भातवडीपासून दोन-तीन मजलांवर ज्याचे गाव त्या कवीने आपल्या धन्याच्या वडिलांचा पराक्रम संस्कृतात गायिला. त्याची पोथी मिळाली ती तंजावरला, आणि ती स. म. दिवेकरांनी संपादून भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे १९२७ मध्ये प्रसिद्ध केली. परमानंदाच्या वर्णनात भोसले बंधू केंद्रस्थानी आहेत; फार्सी परंपरेत अंबरचे डावपेच. दोन्ही बाजूंना आपापली कारणे आहेत. वाङ्मयप्रकार म्हणून चरितकाव्याला नायक लागतोच, आणि तवारिखेला धनी लागतो. पण या दोन्हींत जे नाही ते भातवडीत आहे: तलाव. त्याच्या काठावर उभे राहिले की पाणी कोणत्या उतारावरून कोठे गेले असेल हे डोळ्यांना दिसते, आणि मग कोणत्या वर्णनावर किती भार टाकायचा याचा अंदाज येतो. ‘शिवभारत’ शिकवणाऱ्या किती जणांनी भातवडी पाहिली आहे? आम्हीही ती फार उशिरा पाहिली, हे कबूल करतो.

या जिल्ह्यात १९९७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्ष ना. सं. इनामदार होते. ऐतिहासिक कादंबरीकाराने नगरमध्ये अध्यक्षपद भूषवावे हे तसे समर्पकच. ऐतिहासिक कादंबरीने मराठी माणसाला इतिहासाची गोडी लावली, आणि गोडी लागल्यावर मूळ कागदाची गरज वाटेनाशी केली, अशी तक्रार संशोधक नेहमी करत आले आहेत. ती पूर्णपणे न्याय्य आहे असे आम्हांला वाटत नाही. कागद वाचता येणाऱ्यांची संख्या कमी होत गेली ती कादंबरीमुळे नव्हे. मोडी शाळांतून गेली, त्याला आता सात दशके होत आली. घरोघरची दप्तरे एका पिढीत मुकी झाली. आजोबांनी लिहिलेला हिशेब नातवाला वाचता येत नाही, ही स्थिती जगातल्या फार थोड्या साक्षर समाजांवर आली असेल. आणि न वाचता येणाऱ्या कागदाचे घरात काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. वाडा पाडताना पहिल्यांदा तेच जाते. स्थानिक संग्रहालयांनी जे वाचवले ते या टप्प्यावर वाचवले. विद्वत्तेपेक्षाही वेळेवर कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहणे महत्त्वाचे होते. राजवाडे पैठणपासून तंजावरपर्यंत हिंडले, बीडला त्यांना ज्ञानेश्वरीची जुनी प्रत मिळाली, १९१० मध्ये पुण्याला मंडळ निघाले, त्यांच्या मृत्यूनंतर धुळ्यात त्यांच्या नावाचे मंडळ उभे राहिले. ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो. पण राजवाड्यांसारखा माणूस एकेका गावात एकदाच येतो. त्यानंतर त्या गावात रोज राहणारे कोणी तरी हवे असते.

रोज राहणाऱ्यांना रोजचे प्रश्न पडतात. सध्याचा प्रश्न नावाचा आहे. चौंडीची कन्या अहिल्यादेवी होळकर हिच्या नावाने जिल्ह्याचे नामांतर करण्याची घोषणा २०२३ मध्ये चौंडीलाच झाली आणि ऑक्टोबर २०२४ पासून अहिल्यानगर हे नाव शासकीय झाले. अहिल्यादेवी १७२५ मध्ये या जिल्ह्यात जन्मली. तिच्या नावाविषयी कोणाला आकस असण्याचे कारण नाही. नामांतराच्या बाजूने आणि विरुद्ध जे बोलले गेले ते आम्हांला येथे उगाळायचे नाही. पण संग्रहालयाच्या सूचीला एक बारीक, कंटाळवाणी आणि अत्यावश्यक अडचण येते: कागदावर जे नाव आहे तेच सूचीत राहिले पाहिजे. अठराव्या शतकातल्या पत्रात नगर असेल तर नगर, इंग्रजांच्या १८८४ च्या गॅझेटियरमध्ये जे असेल ते, आणि आजच्या दात्याच्या पत्रावर अहिल्यानगर. श्रीगोंद्याला पूर्वी चांभारगोंदे म्हणत; जुन्या कागदांत तेच सापडते. ते नाव कोणी सूचीतून ‘सुधारले’ तर उद्याच्या अभ्यासकाला कागदच सापडणार नाही. आणि बोलण्यात आम्ही सगळे पूर्वीही नगरच म्हणत होतो, आताही नगरच म्हणतो. या बाबतीत बोलीभाषेने दोन्ही बाजूंना सारखेच दूर ठेवले आहे.

श्रीगोंद्याचा विषय निघालाच आहे तर शेख महंमदांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. ‘योगसंग्राम’ त्यांनी १६४५ मध्ये पूर्ण केला. मालोजी भोसल्यांनी त्यांना गुरू मानून श्रीगोंद्यात मठ दिला अशी परंपरा आहे. जन्माने मुसलमान, वृत्तीने सूफी आणि वारकरी दोन्ही, आणि भाषेने अस्सल मराठी, सडेतोड. दांभिक मुल्लाला आणि दांभिक भटाला एकाच मापाने मोजणारी. त्यांचे वाङ्मय वा. सी. बेंद्र्यांनी चिकाटीने जमवून प्रसिद्ध केले, म्हणून ते आज वाचता येते. त्यांच्या स्थानाला समाधी म्हणावे की दर्गा, यावर अलीकडे गावात तणाव होतात. दोन्ही बाजू हिरिरीने बोलतात, आणि ‘योगसंग्राम’ हाती असलेला माणूस दोन्हींकडे क्वचितच दिसतो. जेथे ग्रंथ आहे, त्याचे संपादन झालेले आहे, तेथेही ही स्थिती. जेथे कागद अजून बासनात आहे तेथे काय होईल याची कल्पना करावी. गावातल्या इतिहाससंस्थेला अशा वेळी काय करता येते? फार नाही. सनदा, इनामाचे कागद, मठाची वंशावळ हे जसे आहे तसे, कोणाच्या सोयीचे न पाहता, मागेल त्याच्यापुढे ठेवता येते. एवढेही पुष्कळ धैर्याचे काम आहे, विशेषतः मागणारा आणि ठेवणारा एकाच आळीत राहत असतील तेव्हा.

मराठीच्या विभागांना आमची एक व्यावहारिक सूचना आहे. पदव्युत्तर वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याने विषय म्हणून पुन्हा एकदा एखाद्या लोकप्रिय कादंबरीतली व्यक्तिचित्रे घेण्याऐवजी आपल्या तालुक्याची एक ‘स्थानपोथी’ करावी. महानुभावांनी चक्रधरांच्या पदस्पर्शाने पुनीत झालेल्या जागा गावागणिक, देवळागणिक, दिशांसह नोंदून ठेवल्या. कोणत्या ओट्यावर ते बसले, कोणत्या मळ्यातून गेले, हे जतन करण्यामागे भक्ती होती, पण पद्धत मोजणीदाराची होती. तशीच पद्धत ‘ज्ञानोदया’ला लावता येईल. हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झाले, आणि त्या काळातल्या नगरच्या शाळा, दुष्काळ, वाद, धर्मांतरे यांची दुसरी इतकी सलग नोंद मराठीत मिळणे कठीण. सिंथिया फॅरर यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले, पुढे सावित्रीबाई येथे अध्यापनाचे शिक्षण घेऊन गेल्या. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तले नगर तर आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. त्या नगरमधल्या गल्ल्या, बंगले, विहिरी आज कोठे आहेत, हे एका दुपारी फिरून नकाशावर मांडता येईल. असा नकाशा केला तर त्याची एक प्रत संग्रहालयात द्यावी, म्हणजे पुढचा विद्यार्थी तिथून पुढे जाईल.

राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादेला आम्ही सर्वांत शेवटी गेलो. महिपती तेथले कुलकर्णी. त्यांची कथा सगळ्यांना ठाऊक असते: पूजेत बसलेले असताना जहागीरदाराचा शिपाई बोलावायला आला, उद्धट बोलला, महिपती कचेरीत गेले, काम उरकले, घरी आले, आणि यापुढे लेखणी सरकारी कामाला लावायची नाही असा निश्चय करून बसले. त्यानंतर ‘भक्तविजय’, ‘संतलीलामृत’, ‘भक्तलीलामृत’. या कथेतला निश्चय सांगितला जातो. त्याआधीची वर्षे सांगितली जात नाहीत, ज्यांत या माणसाने गावाचा दरबारी हिशेब लिहिला, जमिनीचे तपशील नोंदले, कोणाचे काय कोणाकडे हे लक्षात ठेवले. संतचरित्रे लिहिताना त्यांनी नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांचे आधार नावानिशी सांगितले. कुलकर्ण्याच्या वहीत प्रत्येक रकमेसमोर नाव लिहावे लागते; ती सवय त्यांच्या ओवीत उतरली असे आम्हांला वाटते. ताहाराबादला त्यांच्या वाड्यात विठ्ठलाचे मंदिर आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती, देवळात एक म्हातारे गृहस्थ ‘भक्तविजया’ची पोथी सोडून बसले होते, आणि समोर दोन लहान मुले अर्थ विचारत होती. आम्ही मागच्या खांबाला टेकून बसलो.